मिस्टर व्हर्लनच्या दाराशी टाळ्या

हॅलो? … कोण, रोएना? अगं, बोल… नाही थांब, आधी मीच बोलते, नाहीतर विसरेन. ती शूटिंगवाली बाई आहे ना, ॲनिका, कमरेला वॉकीटॉकी लावून गल्लीभर फिरते ती? सोमवारी दारात येऊन मला काय सांगावं तिनं? म्हणे, आमच्या प्रत्येक माणसाच्या मनगटाला नारिंगी पट्टा असतो. पट्टा नसेल तो आमचा नाही. त्याच्याशी बोलू नका, दार लावून घ्या आणि मला फोन करा. मला सांगतेय! चार वर्षं कॉलेजात नाटकं केली मी. तेच म्हटलं तिला. म्हटलं, बाई, नट कोण आणि माणूस कोण ते कळायला मला मनगट बघावं लागत नाही. आणि दिलं दार लावून.

… का म्हणजे? आज सकाळची गंमत सांगायचीय ना तुला, त्याच्या आधीची ही. … हो, हो, ऐकतेय. बोल.

… मिस्टर व्हर्लन फोन उचलत नाहीत? अगं, कसे उचलतील! तुझे वडील आता नट झालेत, नट! … चेष्टा नाही गं. आज पावणेअकराला त्यांच्या दाराशीच शूटिंग झालं. मी समोर माझ्या ओसरीतून सगळं बघितलं, हॅटीला कडेवर घेऊन. गल्ली लोटली होती नुसती.

… तुला बोलले नाहीत? मलाही नाही बोलले, बघ. महा पक्के आहेत. काल संध्याकाळी अंगणात बसून उकडलेल्या शेंगा खात होते, नाकात नळी, शेजारी तो चाकांचा सिलिंडर… मी हॅटीला घेऊन पंधरा मिनिटं बसले होते त्यांच्यापाशी. शूटिंगचा श नाही काढला तोंडातून.

… तीच गं, रविवारची ती पोलिसांची मालिका. या भागात बाउंटी हंटर आहेत. जामिनावर सुटून पळालेल्याला धरून आणायचं आणि जामीन भरणाऱ्या कंपनीकडून बिदागी घ्यायची, तो धंदा. पण हे टोळकं माथेफिरू दाखवलंय. कागद न वाचता दारं फोडत सुटतात. चुकीच्या घरात शिरतात, कुणा म्हातारीला न्हाणीघरात कोंडतात… ॲनिकानंच सांगितलं. शेवटी म्हणे तिघांनाही शिक्षा होते. … हो, तुझ्यापुढं हा विषय काढायला नको होता खरं. क्लीटचं ते बोटीच्या मोटारीच्या चोरीचं प्रकरण… तारखेला गेलाच नाही ना तो कोर्टात? कुठं आहे, काही कळलं? … फ्लोरिडा. हं. भाऊ असावा तर असा. … बरं बाई, नाही बोलत.

… हॅटी, डोळ्यात नाही घालायचं ते! … काही नाही गं, मटारचा लगदा. कपाळ, कान, सगळीकडे आहे, पोटात तेवढा नाही.

तर ऐक ना. राखाडी गाडी आली, मागं काचाच नसलेली. तिघं उतरले. अंगात ती जाड जाकिटं, गोळी न शिरणारी, कमरेला बेड्या, आणि एकाच्या हातात दार फोडायचा लोखंडी ओंडका. बेल नाही, हाक नाही. दोन धक्के, की दार आडवं! मिसेस ऑग्बर्न म्हणाली, व्हर्लननं एवढं चांगलं ओकचं दार मोडायला दिलं म्हणजे दाम दुप्पट वसूल केला असणार. मग आतून आरडाओरडा, काचा फुटल्याचा आवाज… आणि मग बाहेर आणलं त्यांना. पट्ट्यापट्ट्याचा पायजमा, एकाच पायात सपात, हात मागं बांधलेले. आणि अगं, काय काम केलंय त्यांनी! खांदे असे वरखाली, तोंड उघडं, ओठसुद्धा जांभळे. म्हटलं, मेकअपवाल्यांची कमाल आहे. आमचे नाटकाचे सर म्हणायचे, दम लागल्याचं सोंग सगळ्यात अवघड, त्यात भलेभले उघडे पडतात. मी तर शिट्टी मारली. मग कोणीतरी टाळ्या सुरू केल्या, आणि सगळ्या गल्लीनंच…

… रोएना? … आहेस ना?

… परवानगी? … घर तुझ्या नावावर आहे? कधीपासून? … आई गेल्यापासून. मला माहीत नव्हतं. … नाही, मग शूटिंगला सही कोणाची घेतली यांनी? तुझीच लागली असती ना.

… कॅमेरा? होता की. म्हणजे असणारच. त्या पिकानच्या झाडामागं असेल, आजकाल लहान असतात. … मोठा असा नाही दिसला. सगळ्यांच्या हातात फोन होते, माझ्याही होता. … दिवे? भर उन्हात दिवे कशाला लागतात? … नव्हते. नाही, नव्हतेच.

… मनगटं मी बघत नाही बसले, रोएना. … अगं पण… थांब. माझ्याकडे व्हिडिओ आहे. तुला स्पीकरवर टाकते. … अडीचशे लोकांनी बघितला तो आत्तापर्यंत. ऑग्बर्नबाईनं खाली लिहिलंय, 'व्हर्लन, बक्षीस तुलाच!' … बरं बरं, बघतेय. … हे दार पडलं… हा टकल्या. बाह्या वर केल्यात त्यानं. डावं मनगट… उजवं… नाही. दुसऱ्याच्या हातात घड्याळ आहे. आणि तिसऱ्यानं मिस्टर व्हर्लनची मानगूट धरलीय, त्याचं… नाही. त्याचंही नाही.

… राहिला असेल बांधायचा. सकाळची गडबड असते. तू लगेच भलतंसलतं मनात आणू नकोस. गाडीत घातलं त्यांना आणि नेलं, म्हणजे पुढचा प्रसंग दुसरीकडे असणार. तिकडे त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कोळंबी खात बसले असतील आपले.

… जाते की. रस्ताच तर ओलांडायचाय. पण हॅटीला घेऊन तिथं जाऊ का? लाकडाच्या कपच्या असतील, खिळे असतील, काल हिनं माझ्यासमोर शर्टचं बटण तोंडात घातलं… आणि ते परत आले आणि मी नेमकी त्यांच्या शॉटमध्ये… … टाळत नाहीये गं! तुला मूल असतं म्हणजे कळलं असतं तुला की… … सॉरी. … सॉरी, रोएना. तसं नव्हतं म्हणायचं मला. निघाले बघ. घेतली कडेवर, निघाले.

… बाई गं, ऊन काय आहे. … गल्लीत आता कोणी नाही. सगळे जेवायला गेलेत. … अगं, ही ॲनिकाच चाललीय समोरून, थांब, विचारूनच टाकते. ॲनिका! अहो, ॲनिका! तुमच्या लोकांनी मिस्टर व्हर्लनना कुठं नेलंय? त्यांची मुलगी फोनवर आहे. … सकाळचे, पावणेअकराचे. या घराचं दार फोडलं ना. … म्हणजे? … तुमचे सगळे कापडगिरणीवर शूटिंगला? सकाळी सहापासून? … आणि इकडं तीनच्या आधी कोणी येणारच नव्हतं? … कुणीच? … नाही, नाही केला मी फोन तुम्हाला. … हो, सांगितलं होतंत. … हो, तेही सांगितलं होतंत. मला आत्ता नका हो ते ऐकवू!

… ऐकलंस? … ऐकलंस ना. … ती पळत गेली, तिच्या साहेबाला सांगायला. … नाही, मी इथंच आहे. जातेय आत.

दाराशी आले. दार पायाखालीच आहे. … मिस्टर व्हर्लन! … मिस्टर व्हर्लन, मी डार्बी! … कोणी नाही. … धूर आहे, शेगडीवर मक्याची पेज करपून कोळसा झालीय. बंद केली. हॅटी, बाळा, तोंड माझ्या खांद्यावर ठेव. … चष्मा पडलाय. फुटलाय. कोपऱ्यातली खुर्ची उलटी आहे, तुझ्या आईचा फोटो…

… मशीन? त्यांचं घरातलं ऑक्सिजनचं? ऐक, ही घरघर येतेय ना ऐकू? चालूच आहे. नळी ताणलीय पार उंबऱ्यापर्यंत. टोकातून हवा येतेय नुसती. म्हणजे इथवर आणलं त्यांना आणि इथं ओढली गेली नाकातून. … सिलिंडर बघते. … कुठं ठेवतात ते? … हो, दिसला. स्वयंपाकघरात, टेबलापाशी. पिशवी लावून तयार. … नाही गं. नाही नेला. … दुसराही इथंच आहे, भिंतीशी. … रोएना, दोन्ही इथंच आहेत.

… किती वेळ चालतं त्यांना त्याच्याशिवाय? … आंघोळीपुरतं? … फार तर वीस मिनिटं. … आणि मग?

… एकला दहा कमी आहेत. ते अकराला निघाले.

… श्वास घे. तू घे श्वास. … हो, बोलले होते. मला हाक मारली होती त्यांनी. 'डार्बी, माझा सिलिंडर आण.' … दोनदा. दुसऱ्यांदा आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलले. … नाही आणला. अगं, मला वाटलं, माझं खरं नाव घेऊन बोलतायत, काय सुचलंय त्यांना ऐन वेळी! म्हटलं, मी मध्ये गेले तर त्यांचा प्रसंग बिघडेल. … मी शाब्बास म्हणून अंगठा वर केला त्यांना. … हॅटीचा हात धरून टाटा करायला लावला. गाडीचं दार बंद होईपर्यंत. … सगळेच हसत होते, रोएना! मी एकटी होते का? चाळीस माणसं होती गल्लीत, एकालाही कळलं नाही, आणि तू मलाच…

… नाही. हो. बरोबर आहे. मलाच हाक मारली होती.

मी पोलिसांना लावते. इथं भिंतीवरचा फोन चालू आहे. … तूच करत होतीस ना सारखा? या रिकाम्या घरात वाजत होता म्हणजे. … लावते. … नको? नको म्हणजे काय? … ऑग्बर्नबाईनं केला होता गं तेव्हाच, तिच्या मनात जरा आलं होतं. तिकडून म्हणाले, बाई, तुमच्या गल्लीत शूटिंग आहे, आमच्याकडे नोंद आहे, मजा बघा. आमच्या दारांवर चिठ्ठ्या लावल्यात ना शूटिंगवाल्यांनी. बुधवार ते शुक्रवार गोळ्यांचे आवाज होतील, पोलिसांना कळवू नये. तेच त्यांच्याही पुढ्यात. पण आता मी नीट सांगते, मग येतील. … अगं, पण का नको? तुझा बाप तिकडं गाडीत… काय भीती आहे तुला पोलिसांची?

… रोएना.

… क्लीट तुझ्याकडे आहे.

… आहे ना? … किती दिवस? … नऊ दिवस! गॅरेजवरच्या खोलीत! आणि आत्ता, दहा मिनिटांपूर्वी मला फ्लोरिडा सांगतेस. … बोटीच्या एका मोटारीसाठी, रोएना! तारखेला जाऊन उभा राहिला असता तर उन्हाळा संपेपर्यंत सुटून आला असता ठोंब्या. त्याच्या जामिनाच्या कागदावर बापाची सही, म्हणून ती माणसं बापाच्या दारात. तुला माहीत होतं हे. … त्यांना? मिस्टर व्हर्लनना माहीत होतं, तो तुझ्याकडे आहे ते? … हो? … मग आता कळलं मला. आता सगळं कळलं.

… सांगते. पण ओरडू नकोस, हॅटी दचकते. … ते तिघं क्लीटलाच शोधत होते. घरात तो मिळाला नाही, म्हणून बाहेर आणून तुझ्या वडिलांना विचारत होते. मुलगी कुठं राहते? मुलीचा पत्ता दे. सारखं तेच. आणि हे मान हलवत होते. टकल्यानं कानाखाली ठेवून दिली एक, तरी मान हलवतच होते. लोक म्हणाले, हाताचा आवाज किती खरा काढलाय.

… मग तो टकल्या माझ्याकडे आला. ओसरीच्या पायरीशी. टोपी काढली, हसला आणि म्हणाला, 'बाईसाहेब, शेजारपाजाऱ्यांना तर माहीतच असतं.' … रोएना, मला वाटलं मला घेतायत. ऐन वेळी गल्लीतली खरी बाई, खरी ओसरी, कडेवर खरं मूल. आमचे सर म्हणायचे, उत्स्फूर्त बोलायचं तर खरा तपशील द्या, बनावट लगेच ओळखू येतो. मी भोचक शेजारीण करायची ठरवली. पदरचं काही घातलंच नाही. … हो. … हो, सगळं. वाल्डोस्टा म्हटलं. टायरच्या दुकानामागची गल्ली, निळं घर, अंगणात तुझी ती दोन प्लास्टिकची हरणं.

… गॅरेजचंही. वर खोली आहे म्हटलं, बाहेरून जिना आहे. गेल्या नाताळात आम्ही तिथंच नव्हतो का झोपलो?

… मिस्टर व्हर्लन माझ्याकडेच बघत होते. नको नको अशी मान हलवत होते. मी म्हटलं, काय छान साथ देतायत.

… दे शिव्या. दे. … हो. … आहेच मी. … तेही आहे. … झालं? आता एक सांग, हे पोलिसांना सांगावं लागेल का मला? पत्ता मी दिला ते? … विचारलं आपलं! मला लहान मूल आहे, रोएना, मला चौकीत नेऊन बसवलं तर… … तू मला स्वार्थी म्हणू नकोस. मी नकळत पत्ता दिला. तू कळून सवरून त्याला गॅरेजवर लपवलंस आणि तुझा पत्ता तोंडातून निघू नये म्हणून तुझा बाप मार खाऊन उभा राहिला. सिलिंडर मागितला त्यांनी, पण तुझं नाव नाही काढलं.

… रडू नको. वेळ नाही रडायला. ऐक. त्यांच्यातला घड्याळवाला गाडीत बसताना म्हणाला होता, 'बापाला समोर उभा करायचा, पोरगा आपोआप जिना उतरतो.' तेव्हा वाटलं, काय संवाद लिहिलाय. … म्हणजे तुझ्याकडेच येतायत. इथून दोन तासांचा रस्ता आहे, आणि ती माणसं वेगमर्यादा पाळणारी नाहीत.

… काय करतेस? … क्लीटला पळवतेस? आत्ता? … थांब. थांब, आधी डोकं चालव. तो मागच्या कुंपणावरून गेला, तर ती माणसं तुझ्या दारात थांबतील का? वडिलांना तसंच गाडीत ठेवून त्याच्यामागं दिवसभर फिरतील. त्यांना क्लीट हातात मिळाला तरच ते म्हाताऱ्याला उतरवतील. … मी क्रूर? बरं, मी क्रूर. पण तुझ्याकडे दहा मिनिटं आहेत आणि तुला दोघंही मिळणार नाहीयेत. कोणता हवा ते ठरव.

… मी लावला फोन. हो, भिंतीवरचा. तुला नाही विचारलं. तू धरून ठेव.

… हॅलो? हो, माणसाला पळवून नेलंय. पत्ता… नाही, शूटिंग नाही. … मला माहीत आहे तुमच्याकडे नोंद आहे. … ती चिठ्ठी माझ्याही दारावर आहे हो, पण हे त्यातले नव्हते! … त्यांच्याच बाईनं सांगितलं, तिला विचारा. … तिघं. राखाडी गाडी. … नंबर… व्हिडिओत बघते, थांबा. … पाटीवर चिखल फासलाय. शेवटी चार आणि एक, तेवढंच दिसतंय. … वय ऐंशी. फुप्फुसं गेलीत. ऑक्सिजन इथंच राहिलाय. … हो, दोन तास. … कुठं चाललेत?

… रोएना, विचारतायत. सांगू? … सकाळी न विचारता सांगितलं, आता विचारतेय. हो म्हण. … ॲम्ब्युलन्सही पाठवतील, पत्त्याशिवाय कुठं पाठवतील? … पोलीस आले तर क्लीटला धरतील, बरोबर. धरतील. … अगं, एक शब्द म्हण!

… बाई, एक मिनिट हं. आहे मी, ठेवू नका.

… त्याला दे. क्लीटला दे फोन. दे म्हणते ना! … क्लीट? मी डार्बी. … हुंदके बंद कर. तुझे वडील श्वासाविना गाडीत पडलेत आणि ती गाडी तुझ्याकडे येतेय, तुझ्यासाठी. तुला फक्त जिना उतरायचाय. अंगणात जा, हात वर करून उभा राहा, त्यांना रस्त्यावरूनच दिसशील असा. दिसलास की काम संपलं त्यांचं, बापाला उतरवतील. … तुरुंगात काय होईल ते नंतर बघू रे. … नाही, विचार करायला वेळ नाहीये. ऐंशी वर्षांचा माणूस एका सपातेवर उभा होता तुझ्यासाठी, तू दोन पायांवर उभा राहू शकत नाहीस? … क्लीट. … क्लीट, जिना वाजतोय, उतरतोयस ना? … शाब्बास. … आता अंगणात… … क्लीट?

… रोएना? तू आहेस? फोन पायरीवर ठेवला होता? … आणि तो? … कुंपणावरून.

… गेला. … नाही, मला नाही आश्चर्य वाटलं. तुला वाटलं?

… हो बाई, आहे. पत्ता लिहून घ्या. वाल्डोस्टा. … टायरच्या दुकानामागं, निळं घर. … मुलगी आहे घरात, एकटी. … मुलगा? … मुलगा आता नाहीये. … किती वेळ लागेल? … वीस मिनिटं? वीस मिनिटं म्हणजे… बरं. बरं, लवकर पाठवा. आणि ऑक्सिजन म्हणा त्यांना, आधी ऑक्सिजन.

… ऐकलंस, रोएना? मी सांगितलं त्यांना. तू हो म्हणाली नाहीस, हे तुझ्या माथी नाही आता. … शेजारी कोणाकडे आहे का गं सिलिंडर? दमेकरी कोणी? … त्या चर्चमधल्या बाई? त्या कुठं राहतात? … मग धावत… … हो, तेही खरं. आता घर सोडून कुठं जाणार तू.

… हॅटी, सोड ती नळी. बाळा, ती आजोबांची आहे. दे इकडं. … काही नाही गं, हिनं उचलली. माझं लक्ष नव्हतं. … माझं लक्ष नव्हतं, रोएना. मी दिवसभर बघत असते. आंघोळीचं पाणी कोपरानं बघते, द्राक्षाचे चार तुकडे करते, रात्रीत तीनदा उठून हिच्या नाकाखाली बोट धरते. आणि ते माझ्यासमोर दहा हातांवर…

… काय? … कुठं? … आली? … राखाडी? … थांबली का पुढं गेली? … थांबली.

… ऐक. ऐक माझं. फोन ठेवू नकोस, तसाच हातात धर. … किती उतरले? … दोघं. तिसरा चाकावर. … त्यांना जाऊ दे. जिना चढू दे, काय फोडायचं ते फोडू दे, वर काही नाहीये आता. भाऊ कुठं म्हणून विचारलं तर सांग, गेला. खरंच सांग. त्यांच्याशी भांडू नकोस. तू गाडीच्या मागं जा.

… त्याला बोलू दे. अडवायला तो गाडीतून उतरेपर्यंत तू पोचशील. … चाल. पळ. … आतून काही आवाज? … ठोकून बघ. … 'डॅडी' म्हण, हाक मार. … नाही?

… कडी बाहेरून असते, खाली बघ. … ओढ. दोन्ही हातांनी. … फोन खाली ठेव हवा तर. … उघडलं?

… रोएना? … बसलेत की आडवे आहेत? … रोएना, आत चढ. कुशीवर कर त्यांना. बेड्या राहू देत, तोंड बघ, ओठ बघ… छातीवर हात ठेव आणि हलतेय का बघ. … कोण ओरडतंय? तो आला का? … तू मागं वळू नकोस. तू त्यांनाच बघ. मला नाही सांगितलंस तरी चालेल, नको सांगूस मला… पण बघ गं तू, बघ एकदा, आहेत का ते…